काटा डावीकडे

छोट्या विमानात विजेचं काही बिघडलं तर ते कानाला कळत नाही. इंजिन आपल्या सुरात चालू असतं, नाक जिथल्या तिथे असतं, हादरा नाही की धक्का नाही. पॅनेलच्या कोपऱ्यात ॲमीटरचा, म्हणजे बॅटरीत वीज जातेय की तिच्यातून बाहेर पडतेय ते दाखवणाऱ्या मीटरचा, नखाएवढा काटा शून्याच्या उजवीकडून डावीकडे गेलेला असतो, बस. त्या दिवशी तो मला दिसला तेव्हा ४ वाजून ४० मिनिटं झाली होती. तो केव्हापासून तिथे होता, हा प्रश्न पुढची सगळी वाट माझ्या डोक्यात राहिला.

आम्ही ५५०० फुटांवर होतो. हवा स्वच्छ, ढग नाहीत, वारा मागून. विमान चार आसनी, एका इंजिनाचं, पंख वर असलेलं, वयाने माझ्यापेक्षा मोठं. शेजारच्या सीटवर दादा. लहान विमानात बसायची त्याची पहिलीच खेप, आणि त्याला सगळं दाखवता दाखवता माझं पॅनेलवरून नजर फिरवणं विरळ झालं होतं. खालची नदी दाखव, दूरची डोंगररांग दाखव, त्या रांगेपलीकडे आपल्याला उतरायचंय ते सांग. त्याचे प्रश्न संपत नव्हते आणि मलाही उत्तरं द्यायला आवडत होतं. परवाना मिळून फार दिवस झाले नव्हते, जेमतेम १६० तासांचं उड्डाण गाठीशी होतं.

काटा दिसल्यावर पहिला विचार आला तो असा, की मीटरच बिघडला असेल. जुन्या विमानात मीटर खोटं बोलतात, हे खरंच आहे. म्हणून दुसरा साक्षीदार शोधला. सिगारेट लायटरच्या जागी टॅब्लेटसाठी एक चार्जर लावलेला होता, त्यावर व्होल्टेजचे बारीक आकडे दिसतात. या विमानाची यंत्रणा २८ व्होल्टची, बॅटरी २४ व्होल्टची. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, नीट चालत असेल तेव्हा तो चार्जर २८ च्या आसपास दाखवतो. आता तिथे २४.३ होतं. मग लक्षात आलं की कमी व्होल्टेजचा लाल दिवा तरी लागायला हवा. सूर्य डावीकडे कललेला, ऊन थेट पॅनेलवर. मी तळहाताने दिव्यावर सावली केली. दिवा लागलेलाच होता. उन्हात तो मला दिसला नव्हता, एवढंच.

तिसरी खात्री करायची एक जुनी रीत आहे, ती एरवी उड्डाणाआधी जमिनीवर करतात. लँडिंग लाइट लावायचा आणि काट्याकडे बघायचं. अल्टरनेटर काम करत असेल तर काटा क्षणभर दचकतो आणि परत जागेवर येतो, कारण वाढलेला भार अल्टरनेटर उचलतो. मी लाइट लावला. काटा आणखी डावीकडे गेला आणि तिथेच थांबला. बंद केला, तसा पहिल्या जागी आला. म्हणजे विमानातला प्रत्येक दिवा, प्रत्येक रेडिओ आता बॅटरीतून पीत होता आणि बॅटरीत परत काही पडत नव्हतं.

मग मी वास घेतला. खरोखर नाक वर करून, दोनतीनदा.

“काय गं, कसला वास घेतेस?” दादाने विचारलं.

“काही जळतंय का बघते. तुला येतोय?”

हे विचारल्याबद्दल नंतर मला वाटलं की जरा सौम्य शब्दांत विचारायला हवं होतं. पण प्रश्न महत्त्वाचा होता. अल्टरनेटर नुसता बंद पडणं आणि वायर जळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धूर किंवा जळका वास असता तर मी व्होल्ट मोजत बसले नसते. मास्टर स्विच ताबडतोब बंद, हवेच्या खिडक्या नि हीटर बंद, आग विझवायचं सिलिंडर हातात, आणि जिथे सपाट जागा तिथे विमान खाली. फ्लोरिडात सॅनफर्ड इथे १० जुलै २००७ रोजी सेस्ना ३१० जातीचं एक विमान कोसळलं. आदल्या दिवशी ते उडवणाऱ्या पायलटला धुराचा वास आला होता. त्याने हवामान-रडारचा ब्रेकर ओढून वास थांबवला आणि तशी नोंदही केली. बिघाड न शोधताच दुसऱ्या दिवशी विमान उडालं. हवेत धूर झाला, विमानातले दोघं आणि जमिनीवरचे तिघं गेले. आमच्या सरांनी विजेचा धडा सुरू केला तोच या अपघातापासून. ब्रेकर उडी मारून बाहेर आला तर तो का आला ते आधी विचारायचं, मग त्याला हात लावायचा, असं ते म्हणायचे.

दादाला वास येत नव्हता. मलाही नाही. आमचे सगळे ब्रेकर जागेवर होते, मी एकेकावरून बोट फिरवून पाहिलं. अल्टरनेटरचा ब्रेकरही आतच होता. त्यामुळे चेकलिस्टची पुढची पायरी घ्यायची होती: रेडिओ वगैरे बंद करायचे, मास्टर स्विचचे दोन्ही भाग, बॅटरीचा आणि अल्टरनेटरचा, बंद करून पुन्हा चालू करायचे. कधी कधी व्होल्टेज क्षणभर वाढलं की संरक्षक यंत्रणा अल्टरनेटरला बाजूला काढते, आणि असं बंद-चालू केलं की तो परत कामाला लागतो. हे एकदाच करायचं.

त्याआधी तीन गोष्टी केल्या. मांडीवरच्या कागदावर वेळ, दिशा आणि खालची खूण लिहिली. ज्या कंट्रोलरशी बोलत होते त्याला सांगितलं की विजेचा प्रश्न दिसतोय, मिनिटभर रेडिओवर नसेन. आणि दादाला सांगितलं.

ही तिसरी गोष्ट मला सर्वांत अवघड गेली. सांगावं की सांगू नये असं क्षणभर झालं. पण मास्टर बंद केला की आमच्या हेडसेटमधलं एकमेकांशी बोलणंही बंद होणार होतं आणि त्याच्या समोरचे काटे पडणार होते. न सांगता ते झालं असतं तर त्याने काय समजायचं? म्हणून सरळ सांगितलं. “दादा, बॅटरी चार्ज होत नाहीये. मी आता सगळी वीज बंद करून परत चालू करणार आहे. अर्धा मिनिट तुला माझा आवाज येणार नाही. इंजिन बंद पडणार नाही.”

“वीज बंद आणि इंजिन चालू? ते कसं?”

मॅग्नेटो म्हणजे काय ते मी त्याला तीन वाक्यांत सांगितलं. या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि ते दोन वेगवेगळ्या मॅग्नेटोंवर चालतात. मॅग्नेटो आतल्या चुंबकाच्या जोरावर आपली ठिणगी आपणच तयार करतात, त्यांना बॅटरी लागत नाही. इंधन वरच्या पंखांतून आपल्या वजनाने खाली येतं, त्यालाही पंप लागत नाही. त्याने मान हलवली, पण हात मात्र दाराच्या कडीवरच होता.

हे सगळ्या विमानांना लागू नाही, हे इथे नमूद करायलाच हवं. इंजिनाचं नियंत्रणच इलेक्ट्रॉनिक असेल तर हिशेब बदलतो. जर्मनीत श्पायर इथे ४ मार्च २००७ रोजी डायमंड डीए-४२ हे दोन इंजिनांचं डिझेल विमान बाहेरची वीज लावून सुरू केलं होतं, कारण बॅटरी उतरलेली होती. उड्डाणानंतर चाकं आत घेताना व्होल्टेज पडलं, दोन्ही इंजिनांचे संगणक एकदम गोंधळले आणि दोन्ही इंजिनं थांबली. आपलं विमान कोणत्या जातीचं आहे, कोणती गोष्ट कशावर चालते, हे जमिनीवरच पाठ असायला हवं. मला ते पाठ होतं, म्हणून माझा हात मास्टरवर जाताना थरथरला नाही.

बंद केलं. हेडसेटमधली सततची बारीक सरसर नाहीशी झाली आणि इंजिनाचा आवाज एकदम उघडा पडल्यासारखा वाटला. वेग, उंची, चढ-उतार दाखवणारी यंत्रं हवेच्या दाबावर चालतात, ती जशीच्या तशी. कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक इंजिनाच्या निर्वात पंपावर फिरत होते, तेही ठीक. वळण दाखवणारं यंत्र मात्र विजेचं, त्यात लाल पट्टी आली. आणि इंधनाचे दोन्ही काटे शून्यावर पडले. दादाने माझ्या दंडाला हात लावून त्या काट्यांकडे बोट दाखवलं. मी मान हलवली आणि अंगठा वर केला. निघण्यापूर्वी दोन्ही टाक्यांत पट्टी घालून मी स्वतः इंधन मोजलं होतं, अजून तीन तासांहून जास्त उडता आलं असतं. त्याला मात्र त्या अर्ध्या मिनिटात टाक्या रिकाम्या झाल्यासारखं वाटलं असणार.

पुन्हा चालू केलं. काटा उसळी मारून उजवीकडे गेला, शून्याच्या बराच पुढे. चार्जरवर २७.६ दिसलं. मी श्वास सोडला. पाच-सहा सेकंद गेली असतील, काटा थरथरायला लागला आणि सावकाश परत डावीकडे जाऊन बसला.

तेव्हा फार वाटलं की अजून एकदा करून बघावं. एकदा तर आला होता! स्विच हाताशी आहे, खटका दाबायचाच अवकाश. पण ते थरथरणं मला ओळखीचं होतं आणि ते मला आवडलं नव्हतं. आला-गेला करणारा विजेचा जोड म्हणजे कुठेतरी धातू धातूला अर्धवट टेकतोय. तिथे ठिणगी पडू शकते, आणि व्होल्टेजच्या उड्या रेडिओला मारक ठरू शकतात. मी मास्टरचा अल्टरनेटरकडचा भाग बंद केला, बॅटरीकडचा चालू ठेवला आणि पुन्हा त्या स्विचला हात लावला नाही.

आता जायचं कुठे? पुढचं मुक्कामाचं ठिकाण ५० मिनिटांवर, डोंगररांगेपलीकडे, आणि सूर्यास्त ६ वाजून २५ मिनिटांनी. वेळेत पोहोचलोही असतो. पण वाऱ्याने उशीर झाला, पलीकडे रेडिओ मेला, उतरताना वेग कमी ठेवायला मदत करणारे पंखांचे फ्लॅप नाहीत, धावपट्टीचे दिवे सांगून लावून घ्यायची सोय नाही, आणि अंधार. या साखळीतली एकेक कडी किरकोळ होती. सगळ्या एकत्र आल्या असत्या तर नव्हत्या. ११ मैलांवर एक लहान धावपट्टी होती. लांबीला कमी, टॉवर नाही, दुरुस्तीला माणूस नाही. आणि मागे वळून डावीकडे, साधारण ३५ मैलांवर, टॉवर असलेला विमानतळ होता. १५०० मीटरची धावपट्टी, मेकॅनिक, सगळं.

विमानाच्या पुस्तिकेत अशा बिघाडासाठी शब्द असतात, सोयीचं होईल तितक्या लवकर उतरा. आगीसाठी ते तसे नसतात, तिथे शक्य तितक्या लवकर म्हटलेलं असतं. हा फरक मी परीक्षेसाठी घोकला होता, पण त्याची किंमत त्या मिनिटाला कळली. जवळची लहान पट्टी घेतली असती तर विजेच्या बिघाडातून सुटून आखूड धावपट्टीच्या अडचणीत शिरले असते, तेही फ्लॅपविना. धूर असता तर तीच पट्टी घेतली असती. धूर नव्हता, इंजिन ठणठणीत होतं, उजेड होता. मी टॉवरवाल्या विमानतळाकडे वळले.

कंट्रोलरला पॅन पॅन, पॅन पॅन, पॅन पॅन असं म्हणून कळवलं. अडचण तातडीची आहे, पण जीवावरची नाही, असा त्याचा अर्थ. हे शब्द उच्चारायला जीभ जड झाली, हे कबूल करते. आपण उगाच मोठं करतोय असं वाटतं. पण म्हटल्याबरोबर त्याचा सूर बदलला. किती माणसं, किती इंधन, काय काय चालू आहे, हे त्याने झटपट विचारलं, बाकीच्या विमानांना बाजूला केलं आणि रेडिओ गेला तर काय करायचं ते रेडिओ असतानाच ठरवून टाकलं: उजवीकडून फेरीत या, टॉवरच्या दिव्याकडे बघा, स्थिर हिरवा दिसला की उतरा. रेडिओ गेला की ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला आपली ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० लावा. मी सगळं कागदावर लिहिलं.

बॅटरी कागदावर १४ अँपिअर-तासांची. म्हणजे १४ अँपिअर ओढले तर एक तास, पण तो हिशेब नव्या, भरलेल्या बॅटरीचा. आमची जुनी होती आणि तिच्यातून कधीपासून उपसा चाललाय हे माहीत नव्हतं. म्हणून बंद करायला लागले. दुसरा रेडिओ. मार्गदर्शक यंत्रं. पंखांच्या टोकांचे दिवे, शेपटीवरचा फिरता लाल दिवा. चार्जर ओढून काढला, टॅब्लेटला स्वतःची बॅटरी होतीच. एक रेडिओ आणि ट्रान्सपाँडर, एवढंच ठेवलं. काटा शून्याच्या बराच जवळ आला. होकायंत्राखालच्या दुरुस्तीच्या कार्डावर लिहिलेलं असतं की हे आकडे रेडिओ चालू असतानाचे आहेत. इतकी यंत्रं बंद केल्यावर ते वाक्य मी पहिल्यांदा मन लावून वाचलं आणि दिशेसाठी नदीवरच जास्त भरवसा ठेवला.

इथे माझी एक चूक झाली. उरलेला रेडिओही मला मधली १०-१२ मिनिटं बंद ठेवता आला असता. कंट्रोलरला तसं सांगायचं, मास्टर पूर्ण बंद करायचा, आणि विमानतळ जवळ आला की चालू करायचा. म्हणजे बॅटरीतलं उरलंसुरलं उतरण्याच्या कामी आलं असतं. सर नंतर म्हणाले, “तुला हे माहीत होतं ना?” माहीत होतं. पण त्या माणसाच्या आवाजाचा आधार वाटत होता. तो दर दोन-तीन मिनिटांनी विचारायचा, सगळं ठीक ना, आणि मी बोलण्याचं बटण दाबून उत्तर द्यायचे. रेडिओ ऐकताना थोडी वीज खातो, बोलताना कितीतरी जास्त. प्रत्येक “ठीक आहे” बरोबर मी बॅटरी रिकामी करत होते.

विमानतळ ९ मैलांवर असताना मी बोलले आणि हेडसेटमध्ये माझाच आवाज मला ऐकू आला नाही. एरवी बोलताना स्वतःचा आवाज कानात येतो. तो पातळ झाला, तुटला, गेला. पुन्हा बटण दाबलं, तर रेडिओवरचे आकडे विझून परत उजळले. कंट्रोलरचा आवाज मात्र येत होता, बारीक. तो म्हणाला, तुमचं बोलणं तुटतंय, मला ऐकत असाल तर ट्रान्सपाँडरचं आयडेंट बटण दाबा. मी ते दाबलं. त्याच्या पडद्यावर आमचा ठिपका उठून दिसला असणार, कारण लगेच उत्तर आलं, कळलं, तुम्ही ऐकताय. मग तो पुढची सूचना द्यायचा आणि मी बटण दाबायचे. वारा किती, कुठून. बटण. तुमच्यापुढे कोणी नाही. बटण. माझ्या बोटाखालचं ते चौकोनी, झिजलेलं बटण आजही डोळ्यांसमोर आहे, त्याच्यावरची अक्षरं अर्धी पुसलेली होती.

५ मैलांवर तेही संपलं. मी ७६०० आधीच लावून ठेवलं होतं, पण आता ट्रान्सपाँडरचा दिवाही विझला होता. हेडसेट बाजूला करून दादाने मोठ्याने विचारलं, “आता?”

“आता बघायचं आणि उतरायचं. तू टॉवरकडे बघ. हिरवा दिवा दिसला की सांग.”

त्याला काम मिळाल्यावर तो सावरला. फेरीच्या लांब बाजूला असताना तो ओरडला, “हिरवा! हिरवा!” लुकलुकतोय का, हे मी विचारलं, कारण लुकलुकणाऱ्या हिरव्याचा अर्थ परत येऊन उतरण्याची तयारी ठेवा असा होतो. “नाही, स्थिर आहे.” मीही पाहिला. मी पंख डावे-उजवे झुकवून पोच दिली.

फ्लॅप विजेचे, त्यामुळे ते विसरायचे होते. खरं तर बॅटरीत धुगधुगी होती तेव्हाच मी ठरवलं होतं की ते वापरायचे नाहीत. अर्धे उतरून अडकले आणि पुन्हा वर उठायची वेळ आली तर तो आणखी एक ताप. लांबून, सपाट उतरण घेतली, वेग ७० नॉट. जमिनीजवळ विमान नेहमीपेक्षा जास्त तरंगलं, मग टेकलं. धावपट्टी अर्धीही संपली नव्हती. वळून बाहेर आलो तेव्हा एक गाडी आमच्यापुढे येऊन थांबली आणि मागून या अशी खूण केली. घड्याळात ५ वाजून ८ मिनिटं.

तिथल्या मेकॅनिकने इंजिनाचं झाकण उघडलं आणि पहिल्यांदा बेल्ट दाबून पाहिला. बेल्ट ताठ होता. मग अल्टरनेटरच्या मागच्या वायरींना एकेक करून हलकेच हलवलं. तिसरी वायर त्याच्या हातात आली. ती फील्डची वायर. अल्टरनेटरला वीज तयार करायला आधी थोडी वीज द्यावी लागते, चुंबकत्व जागं करायला, आणि ती या बारीक वायरीतून जाते. ती तुटली की अल्टरनेटर नुसता फिरत राहतो.

त्याने आवरण बाजूला सारून वायरीच्या टोकाची गोल कडी माझ्या तळहातावर ठेवली. “तुटलेल्या तारा बघा,” तो म्हणाला. मी उजेडात धरल्या. काही तारांची तुटलेली टोकं नव्या तांब्यासारखी चमकत होती. पण निम्म्याहून जास्त टोकं काळपट, मळकी होती. त्या आज तुटलेल्या नव्हत्या. इंजिनाच्या कंपनाने एकेक करत कित्येक दिवस तुटत आल्या होत्या, आणि उरलेल्या चार-दोन तारांवर आम्ही दुपारी निघालो होतो. आवरणाच्या आत टोकं एकमेकांना टेकायची-सुटायची, म्हणून तो काटा उसळला आणि थरथरत परत पडला.

“काटा याआधी थरथरत होता का?” त्याने विचारलं.

होता. आधीच्या दोन उड्डाणांत. किंचित, पाहिलं न पाहिलं असा. जुन्या विमानात असं चालायचंच म्हणून मी ते सोडून दिलं होतं, आणि बिघाडांच्या वहीत त्याची ओळही लिहिली नव्हती. सॅनफर्डच्या पायलटने निदान लिहिलं तरी होतं. मी दादाच्या देखत मेकॅनिकला हे सांगितलं. तो रागावला नाही. मास्टर स्विचची अल्टरनेटरकडची बाजू झिजली तरी काटा असाच थरथरतो, म्हणून तोही तपासतो, असं म्हणाला आणि मीटर घेऊन पॅनेलखाली शिरला. स्विच चांगला निघाला.

बॅटरी त्याने विमानातच ठेवायला साफ नकार दिला. वायर जोडून बाहेरच्या विजेवर इंजिन चालू करू, उडता उडता बॅटरी भरेल, असं मी विचारून पाहिलं होतं. पूर्ण उतरलेली बॅटरी अल्टरनेटरवर भरायला लावली तर ती प्रचंड प्रवाह ओढते, आणि समजा हवेत अल्टरनेटर पुन्हा गेला तर मागे काहीच उरत नाही, असं त्याने समजावलं. बॅटरी काढून तपासली, तर तिची क्षमता आधीच खालावलेली निघाली. दुसरी बसवली. कडी नवी घातली, आणि या वेळी वायरीला थोडी ढील देऊन जवळच एक पकड लावली, म्हणजे कंपनाचा ताण जोडावर येणार नाही.

रात्री मी आधीच्या दोन उड्डाणांच्या तारखा काढल्या आणि वहीत तिन्ही नोंदी केल्या. काटा थरथरला, काटा थरथरला, अल्टरनेटर बंद.

सकाळी निघताना दादा येईल की नाही, याची मला खात्री नव्हती. तो आला, आणि बसल्याबरोबर ॲमीटर कुठला ते त्याने बोटाने दाखवलं. इंजिन गरम झालं, धावपट्टीच्या तोंडाशी थांबून मी लँडिंग लाइट लावला. काटा दचकला.

“आला परत,” दादा म्हणाला.